हयातीचा दाखला

दारातली वीतभर खिडकी सरकली आणि आतून दोन डोळे माझ्याकडे बघू लागले. मी आधी हात जोडले, मग आठवण होऊन "बोनजोर्नो" म्हणाले.

"बोना सेरा," आतून शांतपणे दुरुस्ती झाली. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते आणि मी सकाळचा नमस्कार घातला होता. छत्तीस वर्षं मी पोरांच्या चुका अशाच सुधारत आले होते, तेव्हा मीही मुकाट्याने "बोना सेरा" म्हणाले.

दार उघडलं. समोर करड्या झग्यातल्या, डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या, काठीला टेकलेल्या एक बाई उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढेच. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. सुनेचे जांभळे कॅनव्हासचे बूट, त्यावर इरकली साडी, एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी पिशवीतून छापलेला ईमेल काढून पुढे केला.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. इटलीतलं पिसा गाव, जून महिना आणि मी, प्रभावती रेडेकर, वय सदुसष्ट, आयुष्यात पहिल्यांदा एकटी प्रवासाला निघालेली.

आजरा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या भिंतीवर पिसाच्या कलत्या मनोऱ्याचं चित्र होतं. दर वर्षी तिसरीतलं कुणीतरी विचारायचंच, "बाई, ह्यो पडत का न्हाई?" मी पुस्तकातलं उत्तर द्यायचे. पुढे निवृत्त झाले आणि म्युनिकला मुलाकडे, उदयकडे, दोन महिने राहायला गेले, तेव्हा नकाशात बघितलं तर पिसा एका दिवसाच्या प्रवासावर. उदयला सुट्टी नव्हती. "पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ," तो म्हणाला. पुढच्या वर्षावर माझा फारसा विश्वास उरला नव्हता. उदयचे वडील गेले तेही "पुढच्या वर्षी काशीला जाऊ" असं म्हणत म्हणतच.

मार्ग दाखवला तो उदयच्या शेजारणीने. केलरबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, एकट्या फिरणाऱ्या. त्या सोप्या इंग्रजीत म्हणाल्या, "हॉटेलं महाग. शिवाय शेजारच्या खोलीत कोण आहे ते कळत नाही. नन लोकांच्या मठात राहा. स्वच्छ खोली, निम्मे पैसे, साडेनऊला फाटक बंद. वीस वर्षं मी त्यांच्याच भरवशावर फिरते." आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा. तिकडे खरोखरीचा मठ असतो आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या, हे मला तेव्हा कळलं. ईमेल केलरबाईंनीच लिहिला. उत्तर आलं: तीन रात्रींसाठी खोली आहे, येताना तुमच्या धर्मगुरूंचं किंवा तुम्हाला ओळखणाऱ्या एखाद्या मान्यवर माणसाचं पत्र आणा. पत्राशिवाय खोली देत नाही.

"मग तुम्हीच द्या की पत्र," मी म्हटलं.

"मी प्रोटेस्टंट, मठ कॅथलिकांचा," केलरबाई म्हणाल्या. "मलाच दर वेळी मैत्रिणीकडून पत्र मागावं लागतं आणि ती सध्या स्पेनला आहे."

आमच्या गावच्या रवळनाथाचा गुरव मला चांगलं ओळखतो, पण त्याचं पत्र चार दिवसांत म्युनिकला येणार कसं? उदयला मी सांगितलं, "खोली पक्की झाली." पत्राचं बोललेच नाही.

त्याने कुरकुरत तिकीट काढून दिलं, एका अटीवर. "संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करायचा आणि खोली दाखवायची. काही गडबड दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत. आणि मग, आई, एकटीने जायचं नाव काढायचं नाही."

वडील गेल्यापासून तो मला रोज सातलाच फोन करायचा. पहिलं वाक्य ठरलेलं. "आई, आहेस ना?"

तर आता पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

काठीवाल्या बाई म्हणजे त्या मठाच्या प्रमुख, माद्रे आसुंता. हे नाव ईमेलच्या खाली होतं. त्यांनी मला एका थंडगार खोलीत बसवलं, ईमेल वाचला, मान डोलावली आणि हवेत बोटाने लिहिल्यासारखं करत म्हणाल्या, "लेत्तेरा?"

पत्र.

मी फाइल उघडली. गाडीत बसून मी त्या फाइलचा चांगला अभ्यास केला होता. त्यात पेन्शनचे कागद, आधारची प्रत, निरोपसमारंभातलं मानपत्र आणि नोव्हेंबरात दिलेल्या हयातीच्या दाखल्याची माझ्याकडची प्रत होती. पेन्शनवाल्याला दर वर्षी बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत असं लिहून घ्यावं लागतं, तो हा दाखला. मानपत्राला सोनेरी किनार होती, पण शिक्का नव्हता. दाखल्यावर माझा फोटो होता, मॅनेजरची झोकदार सही होती आणि जांभळा गोल शिक्का होता. आपल्याकडे गोल शिक्क्यापुढे भलेभले नरम पडतात. इटलीतली माणसं काय निराळी असणार? आणि पिसात मराठी वाचणार कोण, हा माझा हिशोब.

मी चेहरा गंभीर करून दाखला पुढे केला.

माद्रे आसुंतांनी तो उजेडाकडे धरला. शिक्का पाहिला. फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुओर एल्सी!"

पदराला हात पुसल्यासारखे झग्याला हात पुसत एक सावळी, ठेंगणी, पन्नाशीची सिस्टर आली. तिने माझी साडी पाहिली आणि जागीच थांबली.

"इंडिया?" ती म्हणाली. "कुठनं?"

हे 'कुठनं' ऐकून मी खुर्चीतून अर्धी उठलेच. "कोल्हापूरकडची. आजरा."

"अय्यो," सिस्टर एल्सी म्हणाली. "मी मिरजेत होता की. चार वर्षं नर्सिंग केला. मी केरळचा, पण मराठी येतं मला. पेशंट लोकांनी शिकवला. काय ओ मावशी, एवढ्या लांब एकटंच आलाय?"

इतक्या दूर, परक्या गावात, कुणीतरी मला मावशी म्हटलं होतं. मला फार आनंद झाला. पण तोवर माद्रे आसुंतांनी माझा दाखला तिच्या हातात दिला होता.

"मराठी वाचता येतं तुम्हाला?" मी बारीक आवाजात विचारलं.

"अक्षर तर हिंदीचाच असतंय. शाळेत शिकलाय की हिंदी." ती चष्मा लावून वाचायला लागली, शाळेतल्या हुशार पोरीसारखी, एकेक शब्दावर बोट ठेवत. "'प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती प्रभावती गोविंद रेडेकर या आज रोजी माझ्यासमोर समक्ष हजर राहिल्या असून त्या हयात आहेत.'"

तिने बोट मागे नेलं. "'हयात आहेत.'" परत वाचलं. मग माझ्याकडे वाकली. "मावशी, हयात म्हंजे काय?"

मी पदराचं टोक सारखं केलं.

"चांगला बाई, असंच असणार, नाय का?" तीच म्हणाली. "सांगू माद्रेला? प्रभावती मावशी चांगला हाय, असं?"

नुसती मान हलवायची होती. खोली मिळाली असती, सात वाजता उदयला दाखवता आली असती, सकाळी मनोरा. माद्रे आसुंता काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आणि सिस्टर एल्सी तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. तसा चेहरा मी हजार वेळा पाहिला होता. शब्दाचा अर्थ विचारून, तो आता मिळणार म्हणून थांबलेल्या पोराचा चेहरा.

उदयशी मी खोटं बोलले होते, ते पचलंही होतं. पण अर्थ विचारणाऱ्याला चुकीचा अर्थ सांगणं मला जमेना. उद्या ही बाई कुठे तो शब्द वापरील आणि चुकेल.

"हयात म्हणजे जिवंत," मी म्हटलं.

"काय?"

"जिवंत. मेलेली नाही अशी. हा कागद पेन्शनसाठी असतो. बँकेचा साहेब लिहून देतो की ही बाई जिवंत आहे. पत्र नाहीये माझ्याकडे, सिस्टर. शिक्का बघून तुम्ही सोडाल असं वाटलं मला. माद्रेंना सांगा. आणि माझं चुकलं म्हणून सांगा."

सिस्टर एल्सीने तोंडावर हात ठेवला. मग इटालियनमध्ये सांगू लागली. सांगताना मध्येच तिचे खांदे हलायला लागले, पण ती नेटाने शेवटपर्यंत गेली. 'वीवा, वीवा', म्हणजे जिवंत असणार, एवढं मला कळलं. माद्रे आसुंता अगदी स्थिर बसून ऐकत होत्या. त्यांनी दाखला परत मागून घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. आणि मग हसू लागल्या. आधी आवाजच नाही, नुसती काठी थरथरत होती. पुढे त्यांना रुमाल काढून डोळे पुसावे लागले. त्या हसतायत म्हटल्यावर एल्सीने आवरलेलं सोडून दिलं आणि एल्सी हसते म्हटल्यावर मीही.

बऱ्याच वेळाने माद्रे काहीतरी बोलल्या.

"माद्रे म्हणतात," एल्सीने सांगितलं, "चाळीस वर्षं ते लोकांची पत्रं वाचतायत. प्रत्येक पत्रात लिवलेला असतंय, हा माणूस फार चांगला, फार सज्जन. आता खरं का खोटं, माद्रेला काय कळणार? हा पहिला पत्र हाय, जे माद्रेनं वाचला आणि समोर बघून लगेच पटला."

"मग खोली?"

दोघींचं थोडं बोलणं झालं. एल्सीचा चेहरा उतरला. "वरचा मजला पत्राशिवाय नाय देत, मावशी. माद्रेनंच नियम केलाय. एकदा एक पाहुणा बिगरपत्राचा ठेवला, तर त्यानं खोलीत स्टोव्ह पेटवून मासे तळले. पडदा जळाला."

साडेपाच वाजले होते. मी फाइल बंद केली, पिशवी उचलली. स्टेशनजवळ हॉटेलं दिसली होती. एका रात्रीला केवढे पडतील ते पडोत. उदयला काय दाखवायचं ते दाखवू, उद्या परत जाऊ.

माद्रेंनी काठी जमिनीवर आपटली. बस, असं सांगायला इटालियन लागत नाही. त्या हळूहळू काही सांगत होत्या आणि एल्सीचे डोळे मोठे होत होते.

"माद्रे म्हणतात, पत्राचा नियम वरच्या मजल्याचा. खाली आमचा बालवाडी हाय. माद्रे तिथं छत्तीस... नाय, अडतीस वर्षं टीचर होता. तर बालवाडीला पत्राचा नियम नाय. पोरं येतात, नाव सांगतात, जेवतात, दुपारी झोपतात. पत्र कुणाला नाय विचारला. तुम्ही पण टीचर का?"

"छत्तीस वर्षं. पहिली ते तिसरी."

"सी, सी," माद्रे होकारार्थी मान हलवत म्हणाल्या. त्यांना ते आधीच कळलं असावं.

मुलांना दुपारी झोपवायची खोली शाळेच्या टोकाला होती. मोठी खिडकी, बाहेर लिंबाच्या कुंड्या, भिंतीवर बदकं. गुडघ्याएवढ्या उंचीच्या लाकडी खाटा ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीवर एकेक चित्र चिकटवलेलं, कारण मुलांना नावं वाचता येत नाहीत. ज्याचं जे चित्र, ती त्याची खाट. आम्ही तीन खाटा शेजारी शेजारी जोडल्या आणि त्यावर आडवी गादी घातली. नासपती, बेडूक आणि ढग.

"खाट छोटा, म्हणून पैसे पण निम्मे," एल्सी म्हणाली. "पण सकाळी आठला पोरं येतात. त्याच्या आधी उठायचा."

"मी पाचलाच उठते," मी म्हटलं.

सात वाजता फोन वाजला. कॉल मी करायचा ठरला होता, पण उदयला धीर निघाला नव्हता.

"आई, आहेस ना?"

"आहे."

"दाखव खोली."

मी फोन फिरवला. बदकं, बुटक्या खाटा, खुंट्यांवर टांगलेले चिमुकले ॲप्रन. एल्सी आणि माद्रे आसुंता दाराशी उभ्या होत्या.

"आई, ही बालवाडी आहे."

"हो."

"तू खोली पक्की झाल्याचं म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते," मी म्हटलं. त्या दिवशी एकदा खरं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा सोपं गेलं. पत्राचं, दाखल्याचं, सगळं सांगितलं.

"उद्या पहिल्या गाडीत बस," तो म्हणाला. "नाहीतर मी येतो न्यायला. तू काय लहान आहेस का आता, असं कुठेही..."

"काल म्हणालास, या वयात एकटीने जायचं नसतं. आज म्हणतोस, लहान आहेस का. मी म्हातारी का लहान, ते एकदा ठरव बाबा."

"आई, चेष्टा नकोय. तुला काही झालं असतं तर मला कळलंही नसतं." त्याचा आवाज फाटला. "बाबांचं मला दुसऱ्या दिवशी कळलं."

रोज सात वाजता तो 'आहेस ना' विचारायचा, त्याचा मला कधीकधी जाच व्हायचा. बँकेचा साहेब वर्षातून एकदा विचारतो. हा पोरगा तीन वर्षं रोज विचारत होता आणि त्याला दाखला कधी पुरत नव्हता.

माद्रेंनी एल्सीला कोपराने ढोसलं. त्यांना मुलगा काय म्हणतोय ते हवं होतं. एल्सीने सांगितलं आणि मग फोन माझ्या हातातून घेतलाच.

"काय ओ भाऊ, आईवर आवाज करायलाय?"

पडद्यावर उदय दचकला. पांढऱ्या फडक्यातल्या ननने मिरजेच्या मराठीत झापलं तर काय करायचं, हे त्याच्या कंपनीत कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्ही... कोण?"

"सिस्टर एल्सी. नर्स हाय मी. तुमच्या आईचा बीपी आत्ताच बघितला, माझ्यापेक्षा चांगला हाय. फाटक साडेनऊला बंद होतंय, किल्ली माद्रेच्या उशीखाली. आईला काय होत नाय. आणि माद्रे विचारतात, तुम्ही उद्या येणार म्हणता, तर तुमच्याकडं पत्र हाय का?"

"कसलं पत्र?"

"इथं राहायला लागतंय. आणि एकटा पुरुष असला तर पत्र असून पण नाय चालत. तुम्हाला स्टेशनवर झोपायला लागेल, भाऊ."

माद्रेंनी मागून गंभीरपणे मान हलवली. उदय आधी त्यांच्याकडे, मग एल्सीकडे बघत राहिला आणि त्याच्या नाकातून एक आवाज आला. लहानपणी रडता रडता हसायला आलं की यायचा तोच.

एल्सीने फोन मला दिला आणि दोघी निघून गेल्या.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"सूप आहे म्हणे, सव्वासातला."

"मनोरा लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं."

"पाणी बरोबर ठेव. ऊन असतं तिकडे." तो थांबला. "आणि उद्या सात वाजता फोन..." पुन्हा थांबला. "नाही, असू दे. तुला वाटेल तेव्हा कर."

त्या रात्री मी नासपती, बेडूक आणि ढग यांच्यावर अशी झोपले, की पाचला उठणारी मी जागी झाले तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं आणि माझ्याभोवती चौदा पोरं उभी होती. कुणी बोलत नव्हतं. एकाच्या तोंडात अंगठा होता. दारात एल्सी कपाळावर हात मारून उभी.

घाईने उठून पदर सावरला आणि बसल्या जागी हात जोडून "बोनजोर्नो" म्हणाले. या वेळी बरोबर होतं. चौदा गळ्यांतून उत्तर आलं.

मग पोरांतून वाट काढत एक कुरळ्या केसांची मुलगी पुढे आली. चार-साडेचार वर्षांची. तिने मधल्या खाटेवरच्या बेडकावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"तिची खाट हाय," एल्सी म्हणाली. "मातिल्दे. जरा कडक हाय."

मी मातिल्देला हाताच्या खुणांनी सांगितलं, की मी झोपले, खाट छान आहे, माफ कर. तिने ऐकून घेतलं. उशी दाबून पाहिली. गादी वाकडी होती ती सरळ केली. मग कंबरेवर हात ठेवून काहीतरी विचारलं.

"किती रात्र झोपणार, विचारतंय," एल्सी म्हणाली.

मी तीन बोटं वर केली.

मातिल्देने माझ्या बोटांकडे पाहिलं. बाकीची तेरा पोरं तिच्याकडे बघत होती. तिने मागे वळून ढगवाल्याशी आणि नासपतीवालीशी कुजबुजून सल्लामसलत केली. मग ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि मुडपलेलं चौथं बोट आपल्या हाताने उघडून सरळ उभं केलं.

मनोरा मी त्याच दिवशी पाहिला. चित्रात दिसतो त्याहून जास्त कललेला आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहून मी शाळेतल्या सगळ्या तिसरीच्या वर्गांना मनातल्या मनात सांगितलं, पोरांनो, का पडत नाही ते इथे येऊनही कळत नाही. दुपारी लवकर परतले, कारण झोपायच्या वेळेला मला बेडकाशेजारी बसून आपली अंगाईगीतं म्हणायची होती, असं मातिल्देने ठरवलं होतं.

राहिले चार रात्री. उदयला दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या सोयीने, फोन केला आणि तसं कळवलं. विचारलं नाही.